माजघरातील भयपट

चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा चित्रपटगृहाच्या दाराशीच थबकते. चित्रपट कोणी काढला, किती आठवडे चालला, कोणत्या पारितोषिकास पात्र ठरला, एवढे नोंदले की आपले काम संपले असे ते मानतात. परंतु चित्रपटांची एक जात अशी आहे की, जिचे आयुष्य पुष्कळसे लोकांच्या सोप्यात आणि माजघरात गेले. अल्प भांडवलावर काढलेले भयपट हे त्या जातीचे. जाणत्या टीकाकारांनी त्यांची संभावना बहुधा दोन ओळींत केली. त्यांचे सविस्तर परीक्षण घरोघरच्या आज्यांनी, आत्यांनी आणि शाळकरी पोरांनी केले, आणि ते कोठेही छापले गेले नाही. ते छापण्याच्या योग्यतेचे होते, एवढेच येथे सांगावयाचे आहे. त्यासाठी माझ्या गावाचे, बेळगुंदीचे, उदाहरण घेतो.

बेळगुंदी हे बेळगाव शहराच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या बाजूचे मराठी भाषकांचे खेडे. भात, बटाटा आणि रताळी ही तेथील पिके. जवळच मार्कंडेय नदीवर राकसकोपचा जलाशय आहे. नाव ऐकताच राक्षस आठवावा अशा त्या गावचे पाणी बेळगाव शहर पिते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. शाळेत मराठी, कचेरीत कानडी आणि पडद्यावर हिंदी अशी तीन भाषांची सवय आमच्या पिढीला लहानपणीच लागली. घाट उतरला की एकीकडे सावंतवाडी आणि दुसरीकडे गोवा. त्यामुळे भुतांच्या बाबतीत आम्ही दोन्ही बाजूंनी संपन्न होतो. मुंजा, खवीस, समंध आणि हडळ आमच्या गोष्टींत होतीच. घाटाखालचे पाहुणे आले की देवचाराच्या आणि वेताळाच्या गोष्टी आणीत. गोव्यात आणि तळकोकणात तर वेताळ हा पुष्कळ ठिकाणी ग्रामदैवत म्हणून पुजला जातो.

या सृष्टीला नियम होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मुंज होऊन लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली स्त्री अळवंतीण होऊन आपल्या मुलाकडे येऊ पाहते. प्रत्येक भुताला कूळ होते, राहण्याचे ठिकाण होते आणि काहीतरी मागणे होते. पुढे आमच्या घरात भयपटांचे जे परीक्षण झाले, त्याची कसोटी हीच होती.

आता त्या चित्रपटांच्या जन्माकडे वळू. कराचीत फत्तेचंद रामसिंघानी नावाचे गृहस्थ रेडिओचे दुकान चालवीत. इंग्रज गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी आडनावाचे 'रामसे' झाले असे सांगतात. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि चित्रपटनिर्मितीत शिरले. १९६३ साली त्यांनी 'रुस्तम सोहराब' काढला आणि १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'. मराठी वाचकास नवल वाटेल, पण या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. १९३९ साली 'रणांगण' ही कादंबरी लिहून मराठी वाङ्मयात मानाचे स्थान मिळविलेले तेच बेडेकर. दुसरा चित्रपट पडला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, ते दृश्य आले की प्रेक्षक सावरून बसतात, हे रामसे यांच्या मुलांनी हेरले. बाकीचा चित्रपट सोडून तेवढाच धागा धरावा, असे त्यांनी बापास सुचविले.

हे सात भाऊ होते. छायालेखनावरील जोसेफ मॅस्केली यांचे इंग्रजी पुस्तक पुढ्यात ठेवून त्यांनी ही विद्या हस्तगत केली आणि कामे घरातच वाटून घेतली. कुमार यांनी लेखन, गंगू यांनी छायालेखन, किरण यांनी ध्वनी, अर्जुन यांनी संकलन आणि तुलसी व श्याम यांनी दिग्दर्शन पाहावे, केशू यांनी निर्मितीचा व्याप सांभाळावा, अशी ती वाटणी होती. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' हा चित्रपट त्यांनी महाबळेश्वरी मुक्काम ठोकून, सुमारे साडेतीन लाख रुपयांत आणि चाळीसएक दिवसांत पुरा केला. घरातील स्त्रियांनी स्वयंपाकपाणीही सांभाळले. दशावतारी मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव फिरतात, त्याच जातीचा हा संसार होता.

अशा चित्रपटांत एवढा काळोख का असतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर बरेचसे जमाखर्चात आहे. जे दिसत नाही ते उभारावे लागत नाही. अर्ध्या दालनावर सावली टाकली की अर्धे दालन सजविण्याचा खर्च वाचतो. धुके सोडले की रानाची कड झाकते. आणि रबराचा मुखवटा क्षणभरच दिसला तर त्याची शिवण उघडी पडत नाही. ही युक्ती जगभरची आहे. अमेरिकेत व्हॅल ल्यूटन या निर्मात्याने १९४२ साली 'कॅट पीपल' काढला तेव्हा हिंस्र श्वापद दाखविण्याऐवजी बहुतेक ठिकाणी त्याची सावली आणि आवाज यांवरच काम भागविले. रॉजर कॉर्मन यांनी 'द लिट्ल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) या चित्रपटाचे बहुतेक चित्रण आधीच्या चित्रपटाच्या उरलेल्या देखाव्यात दोन दिवसांत उरकले. दारिद्र्याने कलेला नेहमीच मारले असे नाही. कधी कधी तिला झाकावे काय आणि दाखवावे काय हेही शिकविले.

आमच्या गावात हे चित्रपट आले ते निराळ्याच वाटेने. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत व्हीसीआर हे यंत्र शहरांतून भाड्याने मिळू लागले. गणपतीत, लग्नाच्या वऱ्हाडात किंवा सुगी आटोपल्यावर चार घरे वर्गणी काढीत. बेळगावहून रंगीत संच, यंत्र आणि तीन चित्रफिती घोंगडीत गुंडाळून येत आणि आमच्या सोप्यात मांडल्या जात. पहिला चित्रपट देवाधर्माचा, दुसरा मारामारीचा आणि तिसरा, मध्यरात्रीनंतरचा, भुताचा, हा क्रम ठरलेला. या चित्रफिती पुष्कळदा नकलेची नक्कल असत. व्हिडिओच्या चोरीस आळा घालण्यासाठी १९८४ साली कायदा कडक करावा लागला, यावरून तिचा प्रसार ताडता येईल. प्रत्येक नकलेबरोबर चित्र विटत जाई. मुळातच अंधारलेले दृश्य शेवटी इतके काळवंडे की भूत आले हे केवळ वाद्यांच्या कल्लोळावरून समजावे. उरलेले भूत ज्याचे त्याने मनाशी रंगवावयाचे.

चित्रपटगृहात प्रेक्षक मुकाट्याने पाहतो. घरी तो बोलतो. आजीला हिंदी येत नसे, म्हणून मी दुभाष्याचे काम करीत असे. यंत्र थांबवता येई, फीत मागे नेता येई, आणि वीज गेली तर ती परत येईपर्यंत कंदिलाच्या उजेडात झालेल्या भागाची चिकित्सा चाले. थोरल्या चुलत भावाने एक वही केली होती. तीत चित्रपटाचे नाव, तारीख आणि घरातल्या मोठ्या माणसांनी दिलेले शंभरपैकी गुण तो लिहून ठेवी. पुढे शेरे असत. 'भूत बरे, गाणी फार.' 'वाडा चांगला, मनुष्ये वाईट.' 'पोरे घाबरली नाहीत, हसली.' कोणत्याही वृत्तपत्रातील परीक्षणापेक्षा हे शेरे आखूड आणि मला वाटते अधिक न्यायी होते.

याच वहीत 'पुराना मंदिर' (१९८४) या चित्रपटाची नोंद आहे. रामसे यांच्या चित्रपटांत हा विशेष गाजला. सामरी नावाच्या नराधमाचा राजा शिरच्छेद करवितो. धड एकीकडे आणि मस्तक दुसरीकडे ठेवण्यात येते. मरताना तो शाप देतो की या राजघराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. सामरीचे काम अनिरुद्ध अग्रवाल यांनी केले. ते शिक्षणाने अभियंता होते आणि त्यांची उंच, रुंद शरीरयष्टी पाहून पोरांची बोबडी वळे. मध्येच जगदीप यांचा 'शोले'ची नक्कल करणारा विनोदी भाग येतो. त्याबद्दल वहीत दहा गुण कापले आहेत.

चित्रपट संपला तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील. पोरे एकमेकांना बिलगून बसली होती. आजी मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इतक्या बायका बाळंतपणात मेल्या, त्यांतली एक बी माघारी कशी आली न्हाई रं?"

प्रश्न बिनतोड होता. चित्रपटातील राक्षस शाप देतो आणि पुरुष त्याच्याशी झुंजतात. ज्या मेल्या त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीतच नाही. आमच्या लोककथेच्या नियमाने पाहता त्या हवेलीत सामरीपेक्षा अळवंतिणींचाच वावर अधिक असावयास हवा होता. आत्याने तसे बोलूनही दाखविले. तेव्हा आजीने आम्हांस ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. तिची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती. मयत बाहेर काढल्यावर मोठ्या माणसांनी उंबऱ्यात खिळे ठोकले आणि वाटेवर मोहरी फेकली. दाणे वेचता वेचता उजाडावे आणि तिला घर सापडू नये म्हणून. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. ती म्हणाली, "मी दुसऱ्या दिवशी जाऊन जमतील तेवढे दाणे उचलून टाकले. म्हटलं, बाय आली तर येऊ दे."

त्या रात्री सोप्यात कोणी काही बोलले नाही. भावाने वहीत गुण लिहिले नाहीत. त्या ओळीपुढे केवळ आजीचा प्रश्न लिहून ठेवला आहे. पन्नासएक वर्षे मनात राहिलेली ही गोष्ट एका टाकाऊ म्हणून हिणविलेल्या चित्रपटाने बाहेर काढली. त्या चित्रपटास यापेक्षा मोठे श्रेय मी देणार नाही. पण याहून कमीही देणार नाही.

मराठीत भयाची परंपरा याहून सकस आहे, हे खरे. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी यांनी ती वाङ्मयात रुजविली. वसंत जोगळेकरांच्या 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटात आणि २०१६ साली सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालवणी वळणाच्या मालिकेत ती पडद्यावर उतरली. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) तर धारपांचे ऋण मिरवितो. तथापि या कलाकृतींना वाली आहेत. हलक्या भयपटांना आणि विशेषतः त्यांच्या घरगुती परीक्षकांना कोणी वाली नाही.

आणि काळ थांबत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात चित्रफितीवर पांढरी बुरशी चढते. कपाटातील बहुतेक फिती अशाच गेल्या. व्हीसीआर बनविणाऱ्या जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ साली त्याचे उत्पादन बंद केले. तुलसी रामसे २०१८ साली व श्याम रामसे २०१९ साली वारले. इतरत्र अशा चित्रपटांना कधी दैवाने, कधी जाणकारांनी तारले. जर्मनीतील 'नोस्फेरातू' (१९२२) न्यायालयाच्या हुकमाने नष्ट व्हावयाचा होता, तो परदेशी गेलेल्या प्रतींमुळे वाचला. जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या स्वस्त चित्रपटाचे नाव ऐनवेळी बदलताना हक्काची सूचना गळाली आणि तो सर्वांचा झाला. १९९९ साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटनोंदवहीत मानाने दाखल झाला. आज रामसे यांचे अनेक चित्रपट कोणालाही आपल्या तळहातावरील फोनवर पाहता येतात. चित्र पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे. परंतु पाहणारा एकटा आहे, कानांत बोंडे घालून बसलेला. त्याला प्रश्न विचारणारी आजी शेजारी नाही.

एका जुन्या उद्योगाची येथे आठवण होते. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील खेड्यापाड्यांच्या शाळामास्तरांकडे एक प्रश्नावली धाडली होती: तुमच्या गावी कोणती भुते मानतात, त्यांना कसे शांत करतात, इत्यादी. १९०९ साली नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला. पुढे एन्थोवेन याने ती उत्तरे संपादून कोकणाचा भाग १९१५ साली प्रसिद्ध केला. राज्यकर्त्याचा हेतू काही असो, त्या मास्तरांनी लिहिलेल्या उत्तरांमुळे आपल्या आजीपणजींचे भय आज वाचावयास मिळते.

तसेच काम आता आपण आपल्यासाठी करावयास हवे. बेळगुंदीत, निपाणीत, सावंतवाडीत, काणकोणात ज्यांनी त्या रात्री जागविल्या ती माणसे आज साठीकडे झुकली आहेत आणि त्यांची वडीलधारी बहुतेक गेली आहेत. कोणता चित्रपट पाहिला, कोण घाबरले, कोण हसले आणि वीज गेल्यावर कंदिलापाशी काय बोलणे झाले, एवढेच प्रत्येकाने आपल्या बोलीत, मराठीत वा कोंकणीत, एका वहीत उतरून काढावे. आमची वही अजून आहे. तिची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत; आजीच्या प्रश्नाचे पान मात्र शाबूत आहे, आणि या पावसाळ्यापूर्वी मी त्याची नक्कल करून ठेवणार आहे.