हलका माऊस, बिनतारी माऊस: दोन समजुतींचा इतिहास

२००५ साली लॉजिटेकने जी५ नावाचा गेमिंग माऊस काढला. त्याच्यासोबत एक छोटी डबी मिळायची आणि डबीत बारीक वजनं असायची, काही १.७ ग्रॅमची, काही ४.५ ग्रॅमची. माऊसच्या पोटातला कप्पा काढायचा, हवी तेवढी वजनं बसवायची आणि माऊस ३६ ग्रॅमपर्यंत जड करून घ्यायचा. लोकांनी चांगले पैसे मोजून हे केलं. जड माऊस हाताखाली स्थिर राहतो, हलका म्हणजे खेळण्यातला, अशी तेव्हाची समजूत होती. २०१४ च्या जी५०२ मध्येसुद्धा ३.६ ग्रॅमची पाच वजनं होतीच.

मग २०२० च्या डिसेंबरात त्याच कंपनीचा जी प्रो एक्स सुपरलाइट आला. वजन ६३ ग्रॅमच्या आत, आणि वायर नाही. आता लोक पैसे मोजत होते ते ग्रॅम कमी करण्यासाठी.

या पंधरा वर्षांत माणसाचा हात काही बदलला नाही. मग वजनाबद्दलचं मत एवढं कसं उलटलं? पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेसाठी तुम्ही संशोधन पद्धतीचा भाग वाचताय. चल, नियंत्रण, सप्रमाणता हे शब्द पाठ झाले असतील. ते एखाद्या ओळखीच्या वस्तूवर चालवून बघायचे असतील तर गेमिंग माऊस फार सोयीचा आहे. शिवाय चांगल्या माऊसची किंमत आज पाच आकड्यांत जाते आणि जेआरएफची रक्कम महिन्याला ३७,००० आहे. म्हणजे चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागते.

वजनाचा प्रश्न माऊसच्याही आधीचा आहे. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग छापला. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या ठेवलेल्या, हातात धातूची लेखणी. एकदा या पट्टीवर टेकवायची, एकदा त्या, जमेल तेवढ्या वेगाने पण पट्टी न चुकवता. पट्ट्यांमधलं अंतर आणि पट्ट्यांची रुंदी तो बदलत गेला. त्यातून जो नियम निघाला तो आजही फिट्सचा नियम म्हणून शिकवतात: अंतराच्या दुपटीला लक्ष्याच्या रुंदीने भागा, आलेल्या संख्येचा दोनच्या पायावरचा लॉगॅरिदम घ्या, हालचालीचा वेळ त्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो. लक्ष्य लांब आणि बारीक असेल तर वेळ जास्त. वाचायला साधं वाटतं, पण स्क्रीनवरची बटणं किती मोठी असावीत इथपासून गेममध्ये डोक्यावर नेम धरायला वेळ का लागतो इथपर्यंत सगळं त्यात येतं.

आपल्या कामाचा तपशील मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. फिट्सने लेखण्या दोन वापरल्या होत्या. एक १ औंसाची, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. दुसरी १ पौंडाची, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. सोळापट फरक! आणि निकाल? जड लेखणीने वेळ वाढला, पण सोळापटीच्या मानाने अगदीच थोडा.

असं का, ते कागदावर मांडता येतं. जैवयांत्रिकीच्या तक्त्यांत पंजाचं वजन शरीराच्या सुमारे ०.६ टक्के धरतात, कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाचं १.६ टक्के. ६० किलोच्या माणसाचा पंजा ३६० ग्रॅम, पुढचा हात ९६० ग्रॅम, मिळून १३२० ग्रॅम. म्हणजे हलकी लेखणी धरलेला हात १३४८ ग्रॅमचा आणि जड लेखणी धरलेला १७७४ ग्रॅमचा. सोळापट कुठल्या कुठे गेली, फरक उरला एक तृतीयांशाच्या आसपास. आता माऊसचं बघा. १०० ग्रॅमचा टाकून ६० ग्रॅमचा घेतला तर खोक्यावर ४० टक्के घट दिसते. नुसता पंजा हलवत असाल तर हलणारं एकूण वस्तुमान ४६० वरून ४२० वर येतं, म्हणजे साधारण ९ टक्के घट. कोपरापासून हात फिरवत असाल तर ३ टक्क्यांच्याही आत. (हे ढोबळ गणित आहे. हात फिरतो तेव्हा वस्तुमानापेक्षा जडत्वाघूर्ण बघायला हवं, आणि माऊस फिरण्याच्या टोकाला असल्यामुळे त्याचा वाटा थोडा वाढतो. गणित करून बघा, चांगला सराव होईल.)

मग हलका माऊस म्हणजे नुसतं फॅड का? नाही. इथेच प्रयोगाची मर्यादा वाचता आली पाहिजे. फिट्सची एकेक फेरी १५ सेकंदांची होती आणि मधे विश्रांती होती. चार तास खेळल्यावर बोटांचं काय होतं, हा त्याचा प्रश्नच नव्हता. नेमबाजीचे गेम खेळणारे मुरलेले लोक संवेदनशीलता खूप कमी ठेवतात. गेममध्ये एक पूर्ण वळसा घ्यायला माऊस तीस-चाळीस सेंटिमीटर सरकवावा लागतो. पॅड संपतं, माऊस उचलून परत मधे आणावा लागतो, आणि हे तासाला शेकडो वेळा. उचलताना सगळं वजन अंगठा आणि करंगळीच्या चिमटीवर येतं, दंडावर नाही. त्या चिमटीला ४० ग्रॅमची घट चांगली जाणवते. शिवाय पॅडवरचं घर्षण माऊसच्या वजनाबरोबर वाढतं, त्यामुळे अगदी लहान, केसाएवढी दुरुस्ती करताना माऊस अडकून सुटल्यासारखा होतो. हलक्या माऊसचं तसं कमी होतं. म्हणजे हलकेपणाचा फायदा आहे, पण तो वेगात फारसा नाही. तो थकव्यात आणि बारीक हालचालीत आहे. जाहिरात मात्र वेगाचंच बोलते.

आता वायरकडे.

पहिला माऊस लाकडी ठोकळ्याचा होता. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने तो १९६४ मध्ये बनवला. खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण, मागे वायर. पुढे त्यांनी तो लाइट पेन, जॉयस्टिक, अगदी गुडघ्याने चालवायच्या दांडीशीही ताडून पाहिला आणि १९६७ मध्ये निकाल छापला. सरावलेल्या लोकांच्या हातात माऊस सरस ठरला. नवख्यांच्या बाबतीत मात्र लाइट पेन आणि गुडघ्याची दांडी भारी पडली. 'कोणतं साधन चांगलं' या प्रश्नाचं उत्तर 'कोणासाठी' हे सांगितल्याशिवाय पुरं होत नाही, हे माऊसवरच्या पहिल्या तुलनेतच दिसलं होतं.

रेडिओवर चालणारा माऊस लॉजिटेकने १९९१ मध्ये आणला. त्यानंतरची बरीच वर्षं 'वायरलेस म्हणजे लॅग' हे वाक्य गेमर लोक म्हणायचे, आणि ते खरं बोलत होते. त्या काळातले बरेच बिनतारी माऊस २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालायचे, सेकंदाला थोडेच संदेश पाठवायचे, बॅटरी वाचवायला मधेच डुलकी घ्यायचे. हलवला की क्षणभराने जागा व्हायचा.

पुढचा टप्पा २.४ गीगाहर्ट्झचा, आणि त्यात आपल्याकडची एक सरकारी तारीखही आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारयंत्र कायद्याखाली परवान्याशिवाय बिनतारी उपकरण जवळ बाळगणं हाच गुन्हा होता. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गीगाहर्ट्झ पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणं, ठरावीक अटींत, परवान्यातून मोकळी केली. आपल्या घरातलं वायफाय, ब्लूटूथ आणि माऊसचा तो नखाएवढा रिसीव्हर याच पट्ट्यात राहतात. २००५ हेच जी५ चं वर्ष. त्याचा बिनतारी जुळा जी७ ही त्याच वर्षी आला, आणि त्याच्यासोबत दोन बॅटऱ्या असायच्या, एक माऊसमध्ये आणि एक चार्जिंगला. यावरूनच खरी अडचण कळते.

ती अडचण होती बॅटरीची. माऊसखालचा सेन्सर म्हणजे एक छोटा कॅमेरा. तो सेकंदाला हजारो चित्रं घेतो आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून पृष्ठभाग किती सरकला ते काढतो. हे काम वीज खातं. वीज हवी तर बॅटरी मोठी, बॅटरी मोठी तर माऊस जड. एक अल्कलाइन डबल ए सेलच २३ ग्रॅमच्या घरात जातो. म्हणून कित्येक वर्षं तुमच्यापुढे दोनच पर्याय होते: हलका पण वायरवाला, किंवा बिनतारी पण जड. कमी वीज खाणारे सेन्सर आले, बॅटरी लहान झाली, तेव्हाच ही गाठ सुटली. २०१८ च्या लॉजिटेक जी प्रो वायरलेसचं वजन ८० ग्रॅम होतं. त्याच वर्षी फायनलमाऊसने कवचाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पाडून ५८ ग्रॅमचा एअर५८ काढला, पण तो वायरवाला. दोन वर्षांनी सुपरलाइटमध्ये हे दोन रस्ते एकत्र आले, आणि २०२२ मध्ये रेझरचा वायपर व्ही२ प्रो बिनतारी असून, भोकं न पाडता, ५८ ग्रॅमवर पोचला. हलकेपणा आणि बिनतारीपणा खोक्यावर दोन वेगळे गुण म्हणून छापतात. इतिहासात ते एकाच बॅटरीच्या दोन बाजू आहेत.

आणि लॅग? साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी आपली जागा कळवतो. चांगला बिनतारी गेमिंग माऊस १००० वेळा कळवतो, दर १ मिलिसेकंदाने. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तोच दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो. 'वायरलेस म्हणजे लॅग' हे विधान २००० साली बरोबर होतं, २०२० साली चूक. विधान तेच, बोलणारी माणसंही बरीचशी तीच. साहित्याचा आढावा लिहाल तेव्हा प्रत्येक दाव्यासमोर त्याचं साल लिहून ठेवा. निम्मे वाद तिथेच मिटतात. आता ८००० वेळा कळवणारे माऊस आलेत. सरासरी विलंब त्याने अर्ध्या मिलिसेकंदावरून ०.०६ वर येतो. माणसाची प्रतिक्रिया २०० मिलिसेकंदांच्या आसपास. बॅटरी मात्र लवकर संपते. माझ्या मते यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

वजनाची ही शर्यत शून्यावर नेऊन बघणारेही झाले. पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन शिकलेल्या प्रणव मिस्त्रीने एमआयटीत असताना, २०१० मध्ये, 'माऊसलेस' दाखवला. हात माऊस धरल्यासारखा टेबलावर ठेवायचा. इन्फ्रारेड लेझर आणि कॅमेरा बोटांची हालचाल टिपतात. शून्य ग्रॅम, बॅटरीची कटकट नाही. तरी तो रूढ झाला नाही. मला वाटतं, बोटाखाली बटण दबल्याचं कळणं आणि तळव्याला काहीतरी टेकलेलं असणं, याची किंमत ग्रॅममध्ये मोजता येत नाही.

तर माऊस घ्यायला बर्डीवर जाल तेव्हा आधी घरी पट्टीने हात मोजून जा, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तळवा पूर्ण टेकवून धरता, पंजा वाकवून धरता की नुसत्या बोटांच्या टोकांनी, तेही बघून ठेवा. ८० ग्रॅमच्या खाली आल्यावर आणखी दहा ग्रॅमपेक्षा आकार जास्त महत्त्वाचा, हे माझं मत. दुकानात खोकं सीलबंद असतं, म्हणून ओळखीच्या कोणाचा तरी माऊस अर्धा तास वापरून बघता आला तर उत्तम. डीपीआयचा आकडा सोडून द्या. २५,००० छापलेलं असलं तरी मुरलेले खेळाडू ४०० ते १६०० मध्येच खेळतात. भोकांचं कवच नागपूरच्या मे महिन्यात आतून घाम आणि धूळ गोळा करतं. आणि कूलर लावलेल्या खोलीत कापडी पॅड दमट होऊन मंद होतं. त्याचा दोष माऊसला देऊ नका.

रिसीव्हर कुठे लावता यानेही फरक पडतो. प्रताप नगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये बसून फोनवर वायफायची यादी उघडा, शेजारपाजारची किती नावं येतात ते बघा. जुने राउटर सगळे याच पट्ट्यात बोलत असतात. दुसरा शत्रू आणखी जवळ आहे. यूएसबी ३.० च्या पोर्ट आणि केबलमधून नेमका २.४ गीगाहर्ट्झवर गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका अहवालात दाखवलं आहे. हार्ड डिस्कच्या शेजारी रिसीव्हर खोचला आणि कर्सर अडखळला, तर माऊस परत करायला धावू नका. खोक्यात येणारी छोटी एक्स्टेंशन वायर लावा आणि रिसीव्हर माऊसपासून वीतभर अंतरावर ठेवा.

आणि वजनाचा फरक तुम्हाला स्वतःला पडतो का, हे पैसे देण्याआधी तपासता येतं. दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. पाच नाणी म्हणजे ३८.५ ग्रॅम, साधारण २००५ च्या त्या डबीएवढा भार. आहे तो माऊस घ्या, नाणी सेलोटेपने दोन्ही बाजूंना जमेल तितकी सारखी चिकटवा, नाहीतर वजनासोबत तोलही बदलेल आणि कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही. नेमबाजीचा सराव देणारा एखादा मोफत प्रोग्रॅम उघडा. नाण्यांशिवाय, नाण्यांसह, नाण्यांसह, नाण्यांशिवाय, अशा क्रमाने खेळा, म्हणजे सराव आणि थकवा एकाच बाजूला जमणार नाहीत. आठवडाभर रोज. गुण आपोआप नोंदवले जाऊ द्या, कारण वजन हाताला कळतंच, तेव्हा हा प्रयोग काही आंधळा होऊ शकत नाही आणि 'जाणवलं' या नोंदीला अर्थ नाही. पहिल्या दिवसाचे आकडे वेगळे ठेवा. रोजची शेवटची फेरी मात्र तासभर खेळून झाल्यावर घ्या, एक दिवस नाण्यांसह आणि एक दिवस नाण्यांशिवाय. फिट्सने न विचारलेला प्रश्न तिथे आहे.