जालना: तट गेला, वेस उरली

१/ काल्पनिक जगाच्या कादंबऱ्यांत आणि संगणकीय खेळांत एक नगर हमखास भेटते. भोवती उंच तट, बुजत चाललेला खंदक, रिकामे बुरूज आणि आत ओसरत चाललेले वैभव. असे नगर पाहण्यासाठी कल्पनेच्या राज्यात जाण्याची गरज नाही. मराठवाड्यात कुंडलिका नदीच्या काठी ते उभे होते, आणि त्याच्या दोन वेशींची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. आजचा हा धागा जालना शहराच्या तटाविषयी.

२/ आरंभीच एक प्रश्न मनात धरून ठेवू. शहराचे खरे संरक्षण कशात असते? दगडमातीच्या भिंतीत, की त्या भिंतीच्या आत जे चालते त्यात? जालन्याच्या सव्वातीनशे वर्षांच्या इतिहासाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. त्यासाठी शहराला जी किंमत मोजावी लागली, ती मात्र आपण सहसा विचारात घेत नाही.

३/ शहराच्या नावाविषयी एक आख्यायिका आहे. रामायणकाळी या गावाला जनकपूर म्हणत. पुढे एका धनवान जुलाह्याने, म्हणजे विणकराने, त्याला आपल्या जातीवरून जालना हे नाव दिले. आख्यायिका हा पुरावा नव्हे. तरीही गावाला आपले नाव राजावरून वा सरदारावरून आले असे न वाटता विणकरावरून आले असे वाटावे, ही गोष्ट बोलकी आहे. हे पेठेचे गाव होते, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

४/ ‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण याच अभिमानातून आली. औरंगाबादच्या पूर्वेला सुमारे ६० किलोमीटरवर, वऱ्हाड आणि गोदाखोरे यांच्या मध्ये हे ठिकाण येते. काळ्या जमिनीतला कापूस, त्यावर चालणारे माग आणि मालाला बाहेर नेणारे रस्ते, असे तिन्ही येथे एकत्र आले. नदीच्या एका काठावर जुने जालना आणि दुसऱ्या काठावर कादराबादची व्यापारी पेठ, अशी ही जोडवस्ती वाढली.

५/ अकबराच्या काळात जालना त्याच्या एका सेनानीच्या जहागिरीत होते. ‘अकबरनामा’ लिहिणारा अबुल फजल काही काळ येथे राहिला होता, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आढळते. दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबही येथे येऊन जात असे. सत्ताधाऱ्यांची पावले वारंवार वळावीत, इतके हे गाव संपन्न होते.

६/ या संपन्नतेला पाण्याचा आधार होता. शहराला एकेकाळी पाच तलाव होते. त्यांपैकी सर्वांत मोठा मोती तलाव पश्चिमेला. जमशेदखान या अधिकाऱ्याच्या नावाशी काळी मशीद, हमाम, सराई आणि हा तलाव अशी कामे जोडलेली आहेत. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून सराईच्या चौकातील हौदापर्यंत आणलेले होते. दूरवरून आलेल्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या बैलांना शहरात शिरताच पाणी मिळे. हे नळ आणि हा हौद लक्षात ठेवा; त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

७/ आता नोव्हेंबर १६७९. दिलेरखानाने विजापूरला वेढा घातला होता. आदिलशाहीवरचा हा दाब सैल करण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगली मुलखात खोलवर मुसंडी मारली. भीमा ओलांडून त्यांचे घोडदळ थेट जालन्यावर आले. दख्खनचा सुभेदार शाहजादा मुअज्जम त्या वेळी औरंगाबादेतच होता. एवढ्या जवळ असूनही चार दिवस चाललेली जालन्याची लूट त्याला रोखता आली नाही.

८/ या प्रसंगातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शहरातील सावकार आपले द्रव्य घेऊन कोठे गेले? खाफीखानाच्या तवारिखेनुसार ते सय्यद जान महंमद या साधुपुरुषाच्या आश्रमात गेले. मराठी फौजा साधुसंतांच्या स्थानांना हात लावत नाहीत, अशी त्या काळी ख्याती होती. या वेळी मात्र तोही आसरा पुरला नाही, असे खाफीखान लिहितो.

९/ याचा अर्थ नीट पाहा. दख्खनमधील एक नामांकित पेठ, आणि संकटसमयी तिच्या धनिकांना आधार वाटला तो एका फकिराच्या पुण्याईचा. बादशाही सत्तेने या गावातून वसूल घेतला होता, संरक्षण मात्र दिले नव्हते. परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ मोगलांशी लढाई होऊन सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने फौजेला पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. तोच किल्ला पुढे विश्रामगड म्हणून ओळखला गेला.

१०/ अशा स्वाऱ्यांमुळे मोगलांची धास्ती वाढली. मराठ्यांच्या अकस्मात हल्ल्यांपासून बचावासाठी औरंगजेबाने १६८२ मध्ये औरंगाबाद शहराभोवती तट उभारवला. पुढच्या अर्धशतकात दख्खनमध्ये तट, गढी आणि बुरूज यांना मोठे महत्त्व आले. भिंत बांधली की भय बाहेर राहील, असा हा हिशोब होता.

११/ जालन्याच्या वाट्याला हा हिशोब आला तो निजामाच्या काळात. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे, म्हणजे जालन्याच्या पूर्वेला आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, निजामुल्मुल्क आसफजाहने मुबारिजखानाचा पराभव केला. या विजयातून आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. नव्या सत्तेला नव्या ठाण्यांची गरज होती, आणि औरंगाबादेपेक्षा जालन्याची हवा आसफजाहला अधिक मानवत असे.

१२/ त्याच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये शहराच्या पूर्व बाजूस किल्ला आणि त्यात गढी बांधली. हाच मस्तगड. बांधकामाचे वर्ष तेथील फारसी शिलालेखात नोंदलेले आहे. गढीत एक मोठी विहीर असून तिला सज्जे आणि दालने आहेत. शत्रू वेशीबाहेर तळ देऊन बसला, तरी आतल्या शिबंदीचे पाणी तुटू नये, यासाठी गढीत विहीर लागतेच. बांधणाऱ्यांना भिंतीइतकेच पाण्याचेही मोल ठाऊक होते.

१३/ भिंतीने भय बाहेर राहिले का? किल्ला होऊन अवघी दोन वर्षे झाली होती. १७२७ च्या उत्तरार्धात पहिल्या बाजीरावाने निजामाविरुद्ध मोहीम उघडली आणि त्याच्या फौजा जालना व सिंदखेडच्या परगण्यांत घुसल्या. निजामाचा सरदार ऐवजखान त्यांच्यावर चालून आला. बाजीरावाने तटाला टक्कर देण्यात वेळ घालवला नाही. तो पुढे सरकला आणि निजामाला मागे मागे फिरवत राहिला. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला त्याने निजामाची कोंडी केली.

१४/ वेगवान घोडदळापुढे तटाची मर्यादा येथे उघड झाली. तट गाव राखतो, मुलूख राखत नाही. पेठ तर मुलखावर जगते. शेतातला कापूस, वाटेवरची बैलांची तांडे, दूरच्या गावची उधारी, यांपैकी काहीही तटाच्या आत मावत नाही. वेशीचे दार लावून घेतल्याने सावकाराची तिजोरी वाचेल. त्याचा धंदा वाचत नाही.

१५/ पुढचा आघात तलवारीविना झाला. १७६३ मध्ये निजाम अलीने आपली राजधानी औरंगाबादहून हैदराबादेस हलवली. राजधानीसोबत दरबार गेला, उमराव गेले, त्यांच्यासाठी उंची कापड विणणाऱ्यांचे गिऱ्हाईक गेले. दख्खनी शहरांत वेशीला बहुधा वाटेच्या टोकाच्या गावाचे नाव मिळते. जालन्याच्या दोन उरलेल्या दरवाजांपैकी एक आहे मूर्ती दरवाजा आणि दुसरा हैदराबाद दरवाजा. सत्ता कोणत्या दिशेला निघून गेली, ते त्या वेशीवरच लिहिलेले आहे.

१६/ अठराव्या शतकाच्या अखेरीस जालना शिंद्यांकडे होते. १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटले. ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगर घेतले. तेथील पेठेच्या तटाला इंग्रजांनी शिड्या लावल्या आणि एकाच दिवसात पेठ पडली. त्यानंतर २ सप्टेंबर रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालना ताब्यात घेतले. ज्या भिंतीवर पिढ्यांनी भिस्त ठेवली, ती नव्या युद्धतंत्रापुढे फार काळ टिकणारी नव्हती.

१७/ पुढचे तीन आठवडे या युद्धाचे केंद्र आजचा जालना जिल्हाच होता. वेलस्ली आणि स्टीव्हन्सन २१ सप्टेंबर रोजी बदनापूरला भेटले. भोकरदनच्या परिसरातील शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर दोघांनी मिळून चाल करावी, असे ठरले. प्रत्यक्षात २३ सप्टेंबरला वेलस्लीची एकट्याचीच गाठ पडली, आणि केळणा व जुई नद्यांच्या बेचक्यात असईची घनघोर लढाई झाली. वर्षअखेरीस, ३० डिसेंबर १८०३ रोजी, सुर्जी अंजनगावचा तह झाला. शिंद्यांनी सोडलेल्या मुलखात ‘जालनापूर’चा किल्ला आणि परगणा नावानिशी नमूद आहे. पुढे हा मुलूख पुन्हा निजामाकडे आला.

१८/ तटाचे खरे मरण यानंतरच्या शांततेत आले. १८२७ मध्ये जालन्याजवळ हैदराबाद कंटिंजंटची छावणी वसली. आता बंदोबस्ताची कवायती पलटण तटाबाहेरच्या मैदानात राहू लागली. भिंतीवर पहारा देण्याचे कारण उरले नाही. ज्या भिंतीवर पहारा नाही, तिची डागडुजी कोण करणार? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तट ढासळत चालला होता आणि सुस्थितीत उरले होते ते दोनच दरवाजे.

१९/ १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यात आली. सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने तिच्यामागोमाग आले. माल वेशीतून येण्याऐवजी स्टेशनात उतरू लागला. १९०३ मध्ये छावणीतील फौजही हलली, तरी पेठ थांबली नाही. तट पडला, पलटण गेली, आणि जालना तरीही जगले. आजचे जालना बियाण्यांसाठी आणि पोलादासाठी देशभर ओळखले जाते.

२०/ म्हणजे भिंत गेल्याने काहीच बिघडले नाही? येथे सराईतला हौद आठवा. तटाकडे पाठ फिरवताना शहराने आपल्या जुन्या पाण्याकडेही पाठ फिरवली. पाच तलावांपैकी मोती तलाव तेवढा टिकला. जमिनीखालचे नळ निकामी झाले. भिंत निरुपयोगी झाली म्हणून गेली, हे समजण्यासारखे आहे. पाणी कधीच निरुपयोगी झाले नव्हते. तरी तेही त्याच निष्काळजीपणात वाहून गेले.

२१/ २०१२-१३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. पाच तलाव असते तर हा दुष्काळ टळला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. शहराची लोकसंख्या आता कितीतरी पटींनी वाढलेली आहे. पण त्या काळात जालनेकरांनी एक गोष्ट केली. निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी जलाशयातला गाळ त्यांनी लोकवर्गणीतून उपसला. या जलाशयाचे पाणी उतारानेच शहरापर्यंत येते. त्यासाठी विजेचा पंप लागत नाही.

२२/ माझ्या दृष्टीने जालन्याच्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे संरक्षणकार्य आहे. १६७९ मध्ये शहराला वाचवायला शाहजादा आला नाही. १७२७ मध्ये काबिलखानाचा किल्ला मुलखाच्या कामी आला नाही. १८०३ मध्ये तट कामी आला नाही. या वेळी मात्र शहराला उपयोगी पडला तो पूर्वजांनी बांधलेला एक जलाशय आणि त्यातला गाळ काढणारे हात.

२३/ जालन्याला गेलात तर मस्तगड आणि त्याची विहीर जरूर पाहा. मूर्ती दरवाजाखालून आणि हैदराबाद दरवाजाखालून चालत जा. मग थोडी वाट वाकडी करून मोती तलावाच्या काठावर उभे राहा. वास्तूंचे जतन म्हणताच आपल्याला बुरूज आणि दरवाजे आठवतात. जुने तलाव, हौद आणि नळ हेही त्याच वारशाचा भाग आहेत, आणि त्यांचे काम अजून संपलेले नाही.

२४/ आपल्याकडे गावाची अब्रू वेशीला टांगली जाते असे म्हणतात, कारण वेस म्हणजे गावाचा चेहरा. आपल्या गावाला वेस उरली आहे का? तिच्या आतला जुना आड किंवा बारव कोणत्या अवस्थेत आहे? या रविवारी जाऊन पाहा, छायाचित्र काढा, आणि घरातल्या ज्येष्ठांना विचारा की त्याचे पाणी कधीपर्यंत पीत होते. उत्तर येथे अवश्य लिहा. इति.