लॅटिन म्हणजे नेमके कोण?

आज आपण एकाच शब्दाचं बोट धरून दोन-अडीच हजार वर्षं चालणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘लॅटिन’.

लॅटिन म्हटलं की आपल्याला भाषा आठवते. पण हे नाव मुळात एका मुलखाचं. मध्य इटलीतला लॅटियम, तिथले लोक लॅटिन, त्यांची बोली लॅटिन. रोम हे त्यांच्यातलंच एक नगर. इ.स.पू. ३३८ मध्ये रोमने या भाऊबंदांना युद्धात नमवलं. पुढे हळूहळू ‘लॅटिन’ हा कायद्यातला दर्जा झाला. पूर्ण नागरिक नाही, पूर्ण परकाही नाही. मधल्या पायरीवरचा माणूस. सम्राट व्हेस्पेशियनने हा दर्जा स्पेनला दिला, तेव्हा रक्ताचा प्रश्नच उरला नव्हता.

याच पायरीवर रोमने काही मुक्त गुलामांनाही बसवलं. त्यांना मृत्युपत्र करता येत नसे. मेल्यावर मिळकत मुलाबाळांकडे नाही, तर जुन्या धन्याकडे जायची. स्वातंत्र्य मिळालं, पण केवळ हयातीपुरतं!

आता पूर्वेकडे वळू. कॉन्स्टँटिनोपलचे ग्रीक भाषक स्वतःला ‘रोमन’ म्हणवत आणि पश्चिमेच्या ख्रिश्चनांना ‘लॅटिन’. १२०४ मध्ये या ‘लॅटिनां’नी ते शहर लुटलं आणि १२६१ पर्यंत तिथे राज्य केलं. म्हणजे ज्या दोन शब्दांना आपण जुळी भावंडं समजतो, तेच इथे समोरासमोर उभे ठाकले.

एकोणिसाव्या शतकात ‘लॅटिन अमेरिका’ हे नाव आलं. उत्तरेकडच्या इंग्रजी भाषक सत्तेपासून वेगळेपण सांगायला ते तिथल्या विचारवंतांना उपयोगी पडलं. मेक्सिकोत सैन्य धाडणाऱ्या तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रान्सलाही सोयीचं वाटलं. पण माया किंवा केचुआ बोलणारा शेतकरी लॅटिन कसा? त्याला कुणी विचारलंच नाही.

आणि हा शब्द आपल्या देशातही आहे बरं का. केरळात ‘लॅटिन कॅथलिक’ समाज आहे. लॅटिन उपासनापद्धतीवरून पडलेलं हे नाव. आज त्यांची प्रार्थना मल्याळममध्ये होते, पण राज्याच्या मागासवर्गीयांच्या यादीत ‘लॅटिन कॅथलिक’ ही नोंद आहे. भाषा मागे पडली, नाव मात्र पुन्हा कायद्यात येऊन बसलं. फरक एवढाच, की रोममध्ये ते हक्क अर्धवट ठेवायला वापरलं गेलं आणि इथे हक्क मागायला वापरता येतं.

म्हणून एखाद्या समूहाचं नाव ऐकलं, की त्याची व्युत्पत्ती जरूर शोधावी; पण तिथे थांबू नये. ते नाव कुणी दिलं आणि त्याने कुणाच्या पदरात काय पडलं, हेही आपण विचारायला हवं.