पाठीवर मोजून टोक कळत नाही

प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनातून टकटक ऐकू आली की जाणकार मंडळींचे निदान ठरलेले असते: टॅपेट सैल झालेत, सेट करून घ्या. सेटिंग झाले, फीलर गेजची पाती गॅपमधून हवी तशी घासत सरकली, की कॅमशाफ्ट निर्दोष सुटतो. त्यानंतरही गाडी ओढत नसेल तर संशय कार्बोरेटरवर, पॉइंटवर, प्लगवर. हे मत मला मुळातच चुकीचे वाटते. त्यापायी चांगली इंजिने खराब होताना मी पाहिली आहेत, म्हणून गप्प बसणे शक्य नाही.

आधी प्रतिपक्षाची बाजू पूर्ण मांडू. हे मत अडाण्यांचे नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर हयात घालवलेल्या मिस्त्रींचे ते आहे. टॅक्सी दोन दिवस उभी राहिली तर घरची चूल अडायची. टॅपेट सेट केल्यावर आवाज बहुतेक वेळा जायचाही. कॅम ब्लॉकच्या पोटात बसलेला. टायमिंग कव्हर आणि चेन उतरवल्याशिवाय तो हाती येत नाही. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या भागावर आरोप कशाच्या आधारे करायचा? शिवाय कॉम्प्रेशन गेजचा काटा चारही सिलिंडरांना ठीक दाखवत असेल, तर इंजिनाच्या आत दोष आहेच कुठे? ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर रस्त्यावरून गेली. टॅक्सीस्टँडवरचे निदान मात्र हौशी मालकांच्या गाड्यांना चिकटून राहिले.

आता तपासणी. कॅमच्या प्रत्येक लोबला दोन बाजू असतात, गोल पाठ आणि पुढे आलेले टोक. वाल्व उघडण्याचे काम टोकाचे. वाल्व बंद असताना टॅपेट पाठीवर टेकलेला असतो आणि गॅप नेमकी त्याच वेळी मोजतात. मग टोक दीड मिलिमीटर झिजले तरी पात्याला ते कळणार कसे? पाते पाठीची साक्ष देते. टोकाविषयी ते मुके आहे.

पाठीच्या साक्षीतही खोट निघू शकते. रॉकर जिथे वाल्वच्या दांड्यावर टेकतो, तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने खळगा पडतो. सपाट पाते त्या खळग्यावर पूल टाकल्यासारखे बसते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते.

गॅप कमी करून आवाज दाबता येतो, असे कुणी म्हणेल. येतो, पण कोणत्या किमतीवर? अशा इंजिनांत सगळी गॅप मिळून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते. ती शून्यावर आणली तरी दीड मिलिमीटरची तूट भरेल का? उलट गरम झाल्यावर एक्झॉस्ट वाल्व सीटवर पुरता बसणार नाही आणि जळेल. आवाज गेला, वाल्व गेला.

कॉम्प्रेशनचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो, आणि सर्वाधिक फसवणूक तिथेच होते. एक्झॉस्टचा लोब झिजलेल्या सिलिंडरचा विचार करा. स्टार्टरने इंजिन फिरवताना आत आलेली हवा बाहेर पडू शकत नाही. ती तिथेच राहते आणि पुन्हा दाबली जाते. काटा ठीक दाखवणारच! गाडी चालू झाल्यावर तीच कोंडी जळालेल्या वायूची होते. इनलेट वाल्व उघडताच तो वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये घुसतो आणि कार्बोरेटरमधून फटके ऐकू येतात. मिस्त्री जेट साफ करतो, टायमिंग मागेपुढे करतो. दोष जागच्या जागी राहतो. इनलेटचा लोब झिजला, तर सिलिंडरला हवाच कमी मिळते, कॉम्प्रेशन कमी दिसू शकते आणि खापर फुटते रिंगांवर.

माझ्याच पद्मिनीत हे घडले. दोनदा कार्बोरेटर खोलून झाला, एकदा पॉइंट बदलले. शेवटी वरचे कव्हर काढून डायल गेजचा काटा प्रत्येक पुशरॉडवर टेकवला आणि प्लग काढून इंजिन हाताने फिरवले. एक्झॉस्टचे तीन पुशरॉड जवळजवळ सारखे वर आले. चौथा दीड मिलिमीटर अलीकडेच थांबला. रॉकरचे गुणोत्तर दीडाच्या आसपास धरले, तर वाल्वपाशी ही तूट सव्वादोन मिलिमीटर होते. एक्झॉस्टची तुलना एक्झॉस्टशी, इनलेटची इनलेटशी. एवढ्या अर्ध्या तासाच्या कामाला इंजिन उतरवावे लागले नाही. ‘खोलल्याशिवाय कळत नाही’ हा आक्षेप इथेच संपतो.

दुरुस्तीबद्दलही असाच एक समज आहे: नवा कॅम टाका, जुने टॅपेट चालतील. चालत नाहीत. टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण तो किंचित फुगीर घडवलेला असतो आणि लोबला अगदी बारीक उतार असतो. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज वाटली जाते. खोलगट झालेला टॅपेट फिरत नाही. तो एकाच जागी घासून नव्या लोबचे टोक खातो. कॅम आणि टॅपेट ही जोडी आहे, ती जोडीनेच बदलावी. कॅम ग्राइंड करून वापरता येतो, हे मला मान्य आहे, कारण पाठ कमी करून उंची परत मिळवता येते. मात्र वरचा कडक थर जाड नसतो. ग्राइंडिंगनंतर कठीणपणा तपासला नाही, तर ते काम वाया जाते. साध्या वेल्डिंगने टोक भरणे मात्र नको. कडक ओतीव लोखंडाला तशा उष्णतेने तडे जाण्याची भीती असते.

जाड ऑइलने झीज थांबते म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: टोकावरच्या दाबाखाली तेलाचा थर टिकतो कुठे? तिथे धातू वाचतो तो तेलातल्या जस्त-फॉस्फरसच्या संयुगामुळे. तेल निवडताना ते पाहावे. पण झिजलेले टोक कोणतेही तेल परत आणत नाही.

नवी जोडी बसवल्यावर पहिली वीस मिनिटे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावे, आयडलिंगला सोडू नये. लोबला तेल मिळते ते बरेचसे क्रँकने उडवलेले, आणि मंद गतीत ते कमी उडते.

माझ्या इंजिनातून निघालेले दोन टॅपेट टेबलावर आहेत. पोलादी पट्टी तळावर आडवी धरून खिडकीकडे पाहिले, की एकाच्या कडांपाशी उजेड दिसतो. दुसऱ्याच्या मधोमध दिसतो, आणि तिथे नख अडकते. या दुसऱ्याची गॅप खोलण्याच्या आदल्या दिवशी सेट केली होती. पाते अगदी बरोबर सरकले होते.