आपल्या पार्किंगचा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख मागायला समितीची मंडळी आली, तोवर इमारतीचा, गणेशोत्सवाचा आणि पाण्याच्या टाकीचा इतिहास वाटून झाला होता. माझ्या वाट्याला उरलं पार्किंग. आधी हसू आलं. मग वाटलं, खरंच की, आपण कसे बदललो हे तिथे उभ्या असलेल्या गाड्यांवरूनच कळतं.

२००० साली आपल्याला ताबा मिळाला, तेव्हा खाली स्कूटर आणि मोटारसायकलीच जास्त होत्या. मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक 'ए' विंगमधल्या अण्णांची प्रीमिअर पद्मिनी. अण्णा आज नाहीत, पण रविवारी सकाळी गाडी पुसताना ते जे सांगायचे, ते पुष्कळांना आठवत असेल.

अण्णांच्या पिढीने गाडी निवडली नाही, तर नंबर लावला आणि वाट पाहिली. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर व्हायची. इकडे कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमिअर कंपनीत फियाट तयार होई. तीच पुढे पद्मिनी झाली. ॲम्बेसेडर म्हटलं की कलेक्टर, मंत्री आणि लाल दिवा. फियाट म्हटलं की डॉक्टर, वकील, सुखवस्तू घर. गंमत म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सीही फियाटच होती, पण त्यामुळे मालकाला कधी कमीपणा वाटला नाही. उलट अण्णा म्हणायचे, "टॅक्सीवाला घेतो म्हणजे गाडी दणकट!" हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला मारुती ८०० ची किल्ली मिळाली. पद्मिनीवाल्यांनी तिला 'पत्र्याचा डबा' म्हणून हिणवलं. पण डबा थंडीतही पटकन चालू व्हायचा, पेट्रोल कमी प्यायचा आणि गर्दीतून सहज निघायचा. हळूहळू गावोगावी मारुतीचे मेकॅनिक झाले, सुटे भाग मिळू लागले. मग लोकांचा हिशेब पक्का झाला : डोक्याला ताप नाही आणि विकताना पैसे परत. मारुतीचं नाव जाहिरातीपेक्षा या हिशेबाने मोठं केलं.

१९९८ साल मोठ्या उलाढालीचं. त्या वर्षी ह्युंदाई या अनोळखी कोरियन कंपनीची सँट्रो आली. नाव नीट उच्चारता येईना, म्हणून ओळख करून द्यायला जाहिरातीत शाहरुख खान. डिसेंबरमध्ये टाटांची इंडिका आली, आपल्या पिंपरीत तयार झालेली. लाखाहून जास्त लोकांनी नोंदणी केली. आपल्या सोसायटीत तर कितीतरी घरांची चूल टेल्कोच्या पगारावर पेटायची. इंडिका म्हणजे घरचं कार्य होतं. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, कंपनीने सुधारणा केल्या आणि २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आणली. गाडी खूप खपली. डिझेलवर चालणारी, ऐसपैस, म्हणून टुरिस्टवाल्यांनीही उचलली. आणि तिथेच घोळ झाला. "घरच्यासाठी नको हो, ती टॅक्सी वाटते," असं आपलेच लोक म्हणू लागले!

पद्मिनीला टॅक्सी म्हणजे प्रशस्तिपत्र आणि इंडिकाला टॅक्सी म्हणजे डाग. असं का? मला वाटतं, अण्णांच्या काळी प्रश्न होता, "गाडी टिकेल का?" आपल्यापुढे निवड आली आणि प्रश्न झाला, "यात मी कसा दिसेन?"

याचा उत्तम पुरावा म्हणजे फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन. मूळ तेच इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटोमध्येही होतं. स्विफ्टसाठी लोक महिनोन्‌महिने थांबले. पुंटो मात्र इंजिनाची मूळ मालकीण असूनही मागे राहिली. "फियाटचे भाग मिळतील का? पुढे विकली जाईल का?" या शंकांनी गिऱ्हाईक माघारी जाई.

आता थोडं मनातलं. जानेवारी २००८ मध्ये रतन टाटांनी नॅनो दाखवली. स्कूटरवर चौघांचं कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असं त्यांनी सांगितलं होतं. आपल्या 'सी' विंगमधल्या काकांचं कुटुंब नेमकं तसंच. काकांनी हौसेने नॅनो घेतली, पेढे वाटले. आपण पेढे खाल्ले आणि पाठीमागे 'लाखाची गाडी' म्हणून हसलो. मीही हसलो. वॉचमन त्यांना "काका, कोपऱ्यात लावा" म्हणायचा, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एका पावसाळी रात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली. माझी गाडी दोन गाड्यांमागे अडकलेली. कोपऱ्यातली नॅनो तेवढी पटकन निघाली. काका लुंगीवरच चालवायला बसले. आई वाचली.

'सर्वांत स्वस्त' हा शिक्का नॅनोला भोवला, हे पुढे खुद्द रतन टाटांनीही मान्य केलं. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रांजणगावला तयार होणाऱ्या टाटांच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. २०१४ मध्ये याच संस्थेच्या चाचणीत नॅनोसकट आपल्याकडच्या अनेक लोकप्रिय छोट्या गाड्यांना एकही तारा मिळाला नव्हता. तोवर गाडी घेताना "अपघातात काय होईल?" असं आपण विचारतच नव्हतो, ॲव्हरेज विचारायचो. कालपर्यंत ज्यांना टाटांची गाडी 'टॅक्सी' वाटायची, तेच आज मुलांना ती 'सेफ' म्हणून सुचवतात.

म्हणजे पंचवीस वर्षांत गाड्या बदलल्या, तशा आपल्या नजराही बदलल्या, पुढेही बदलतील. येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचं फेरवाटप आणि चार्जिंग पॉइंटचा विषय आहे. "मोठ्या गाड्यांना पुढची जागा" अशी सूचना कानावर आली आहे. ठरवायचं ते सगळे मिळून ठरवूच. फक्त नावावरून आणि किमतीवरून कुणाला कोपरा दाखवू नये, एवढीच एका जुन्या सभासदाची विनंती.