एल्ड्रिजचे गाऱ्हाणे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीतला शहाणा बहुधा अंगाने धडधाकट आणि खाऊनपिऊन सुखी असावा. परंतु ज्याच्या घरची चूल एका सरकारी पत्राने विझू पाहते, त्याने दुसरे काय करावे? अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जॉर्ज एल्ड्रिज नावाच्या एका कष्टकऱ्यावर अशी वेळ आली.

त्या देशात कामगारांच्या पगारातून वर्गणी कापून घेऊन म्हातारपणी वेतन देण्याचा कायदा १९३५ साली झाला. १९५६ साली, आयसेनहॉवर अध्यक्ष असताना, त्यात अपंगांच्या वेतनाची भर पडली. प्रथम हे वेतन पन्नाशी गाठलेल्यांनाच मिळे. १९६० साली ती अट गेली. मुख्य अट मात्र राहिलीच. पोटापुरते असे कोणतेच काम आपल्या हातून होत नाही, हे माणसाने सिद्ध करावयाचे! तुटलेला हात कोणालाही दिसतो. जुनाट दुखणे तसे दिसत नाही. ते आज थोडे ओसरते, उद्या पुन्हा उचल खाते. आणि डॉक्टरच्या कागदावर उमटतो तो एखाद्या दिवसाचाच हिशेब.

मनाचा सततचा घोर आणि पाठीचे दुखणे यांमुळे एल्ड्रिजला जून १९६८ मध्ये वेतन मंजूर झाले. पुढे मधुमेहही निघाला. मार्च १९७२ मध्ये त्याच्याकडे प्रश्नांची एक यादी आली. ती त्याने भरून दिली. डॉक्टरांचे अहवालही मागवले गेले. मग पत्र आले. मधुमेह आटोक्यात आहे, पाठीच्या हालचालीस फारसा अडथळा नाही, मनाची तक्रारही आता काम अडवण्याइतकी नाही. सबब वेतन बंद करण्याचा विचार आहे! एल्ड्रिजने उलट लिहिले, की माझी पाठ नुसती लचकलेली नाही, मणक्यालाच संधिवात आहे. आणि माझ्या अपंगत्वाचा पुरावा तुमच्याच दप्तरात आहे. उपयोग झाला नाही. जुलैनंतर वेतन थांबले.

दाद मागण्याची सोय कायद्यात होती. आधी फेरविचार, मग अधिकाऱ्यासमोर तोंडी सुनावणी. पण वेतन तुटल्यापासून त्या सुनावणीचा निकाल लागेपर्यंत वर्षाहून अधिक काळ जाई. हे वरातीमागून घोडेच झाले. म्हणून एल्ड्रिजने वेगळाच प्रश्न कोर्टापुढे ठेवला: माझे म्हणणे ऐकण्याआधी माझे वेतन तोडता येते काय? त्याला आधारही होता. न्यू यॉर्कच्या निराधारांची मदत सुनावणीवाचून बंद करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली दिला होता. खालची दोन्ही न्यायालये एल्ड्रिजच्या बाजूने उभी राहिली.

२४ फेब्रुवारी १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र, सहा विरुद्ध दोन मतांनी, त्याच्याविरुद्ध कौल दिला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी एक तराजू मांडला: माणसाचे किती नुकसान होते, निर्णय चुकण्याचा धोका किती, आणि सरकारवर भार किती. अपंग-वेतन गरिबी पाहून दिले जात नाही. शिवाय डॉक्टरांचे लेखी अहवाल पुरेसे भरवशाचे असतात. आणि पुढे दावेदार जिंकलाच, तर मागची सारी बाकी त्याला मिळते. सबब आधी सुनावणीची गरज नाही.

हा युक्तिवाद कागदावर चोख दिसतो. पण न्यायमूर्ती ब्रेनन यांनी आपल्या विरोधी मतात एक गोष्ट नोंदवून ठेवली. वेतन बंद पडल्यावर एल्ड्रिजचे घर कर्जापायी गेले, सामान उचलून नेले गेले, आणि नवरा, बायको, मुले अशा साऱ्यांना एकाच बिछान्यावर निजावे लागले. मागची बाकी वर्षाने हाती आली, तरी गेलेले घर तिने परत येते थोडेच?

या प्रश्नाचे उत्तर अखेर कायदेमंडळाने दिले. १९८१ पासून सरकारने वेतनधारकांची सरसकट फेरतपासणी आरंभली आणि लाखो लोकांचे वेतन तुटले. त्यांतले पुष्कळजण सुनावणीत जिंकले, म्हणजे कागद चुकला होता! ओरड झाली. १९८३ साली, सुनावणीचा निकाल लागेपर्यंत वेतन चालू ठेवण्याची तात्पुरती सोय झाली. १९९० साली ती कायम झाली. दरम्यान १९८४ च्या कायद्याने ठरवले, की प्रकृतीत सुधारणा दाखवल्याखेरीज सहसा वेतन तोडू नये. त्या कायद्याला एका सभागृहात ४०२ आणि दुसऱ्यात ९९ मते पडली. विरुद्ध एकही नाही. अर्थात, वेतन चालू ठेवण्याची मागणी पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत करावी लागते, आणि दावा हरल्यास घेतलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात. आजाऱ्याला दहा दिवस ते किती!

पॉवेल यांचा तराजू तिथल्या न्यायालयांत आजही रोज वापरला जातो, आणि त्याला नाव आहे ते हरलेल्या एल्ड्रिजचे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्याची तिन्ही पारडी तोंडपाठ असतात. त्या एका बिछान्याचे वजन मात्र त्यांतल्या कोणत्या पारड्यात घालावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.