विमान-अपघातांची चर्चा (वैमानिक-प्रशिक्षणातील)

वैमानिकांच्या प्रशिक्षणात पूर्वीच्या अपघातांचा अभ्यास एकत्र बसून केला जातो. चौकशी अहवाल, कॉकपिटमधील संभाषणाची लेखी प्रत आणि उड्डाणाच्या यांत्रिक नोंदी समोर ठेवून, त्या-त्या क्षणी वैमानिकांना काय दिसत होते, काय ऐकू येत होते आणि कोणता निर्णय रास्त वाटला, हे तपासतात. शेवट ठाऊक असणाऱ्याला चूक लगेच दिसते. अनुभवी माणसाला ती घडताना का दिसली नाही, हा चर्चेचा खरा विषय होय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसारही चौकशीचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणे हा आहे. दोष किंवा दायित्व ठरवणे हा नव्हे.

पोर्टलंडची दुर्घटना या दृष्टीने मोलाची आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी या अमेरिकी शहरात उतरू पाहणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाची चाके खाली येताना जोराचा धक्का बसला आणि ती नीट बसल्याचा दिवा लागला नाही. बिघाडाची तपासणी आणि प्रवाशांची तयारी यांत गुंतलेल्या कॅप्टनने विमान सुमारे तासभर घिरट्या घालत ठेवले. सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर इंधनाचा उल्लेख करत होते, पण ‘आता उतरलेच पाहिजे’ असे कोणी ठामपणे म्हटले नाही. इंधन संपून विमान विमानतळाअलीकडेच कोसळले. १८९ पैकी १० जण दगावले. विमान हाताळण्याचे कौशल्य येथे उणे नव्हते. उणे पडले ते कनिष्ठांचे स्पष्ट बोलणे आणि वरिष्ठाचे ऐकणे. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचे, म्हणजे विमानातील सहकाऱ्यांमधील संवाद आणि समन्वयाचे, प्रशिक्षण सुरू केले. १९ जुलै १९८९ रोजी त्याच कंपनीच्या डीसी-१० विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या, तरी सू सिटीच्या धावपट्टीवर आदळलेल्या त्या विमानातील २९६ पैकी १८४ जण वाचले. कॅप्टन अल हेन्झ यांनी त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या प्रशिक्षणाला दिले.

थोडक्यात टळलेले प्रसंगही तितकेच शिकवतात, मात्र ते सर्वांपर्यंत पोहोचावे लागतात. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळून ९२ जण मृत्युमुखी पडले. या अपघातामागे उतरण्याच्या परवानगीचा गैरसमज होता. तसाच गैरसमज आणि त्यातून थोडक्यात टळलेला अपघात दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांनी काही आठवड्यांपूर्वीच अनुभवला होता; इशारा त्या कंपनीतच राहिला. त्यानंतर १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली वैमानिकांची ओळख गुप्त राखून त्यांचे अनुभव जमवणारी व्यवस्था उभी राहिली.

केवळ धडा ठाऊक असणे पुरत नाही, हे २२ मे २०१० च्या मंगळूर अपघाताने दाखवले. चौकशी अहवालानुसार सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) सुचवूनही कॅप्टनने उतरणे थांबवले नाही. १५८ जणांचा मृत्यू झाला. त्यामुळे चर्चेला सिम्युलेटरमधील सरावाची जोड आवश्यक ठरते. सहवैमानिकाने केव्हा आणि कोणत्या ठरलेल्या शब्दांत इशारा द्यावा, तो न ऐकल्यास नियंत्रण केव्हा हाती घ्यावे, हे तेथे घोटून घेतले जाते.